स्वच्छतेच्या बाटलीवर काय लिहिलेले असावे

घर स्वच्छ ठेवण्यासाठी व्हिनेगर, खाण्याचा सोडा, लिंबू आणि साधा साबण एवढे पुरेसे आहे, बाजारातल्या रंगीबेरंगी बाटल्यांची गरज नाही, हे मत आता नवे राहिलेले नाही. ते मांडणाऱ्यांचा सूर बहुधा असा असतो की निसर्गातून आलेले ते निरुपद्रवी आणि कारखान्यातून आलेले ते विषारी. त्यांना उत्तर देणारेही तितक्याच तयारीने पुढे येतात. पाणीसुद्धा रसायनच आहे, मग ‘रसायनमुक्त’ म्हणजे काय, असे विचारून ते सगळा विषय हसण्यावारी नेतात. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकून कंटाळा यावा इतके ठरावीक झाले आहेत आणि त्या गदारोळात मूळ प्रश्न मागे पडतो. व्हिनेगर-सोड्याचा आग्रह धरणारे बऱ्याच अंशी योग्य तेच करतात, पण त्याचे जे कारण ते देतात ते टिकणारे नाही, असे माझे मत आहे. या पदार्थांचा खरा गुण हा की त्यांत काय आहे ते आपल्याला पूर्ण माहीत असते, आणि म्हणून ते काय करतील व काय करणार नाहीत याचा अंदाज आधीच बांधता येतो. कारण असे बदलले की मागणीही बदलते. मग गोष्ट स्वतःच्या स्वयंपाकघरात काय ठेवावे एवढ्यावर थांबत नाही; विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर आतला ऐवज पूर्णपणे लिहिण्याची सक्ती असावी की नसावी, या सार्वजनिक प्रश्नापर्यंत ती जाते.

आधी ‘नैसर्गिक’ या कसोटीची कसोटी पाहू. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक वेगळे केले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे हे आम्ल लिंबूवर्गीय फळांपासूनच काढले जात होते. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या द्रावणात वाढवून तेच आम्ल भरपूर मिळवता येते असे दाखवले आणि त्यानंतर लवकरच त्याचे कारखाने उभे राहिले. आज लिंबूसत्त्व म्हणून जी पांढरी पूड मिळते ती बहुतेक वेळा मोठ्या टाक्यांत वाढवलेल्या या बुरशीची करामत असते; लिंबाच्या झाडाशी तिचा संबंध नावापुरता. सोड्याचेही तसेच. काही ठिकाणी तो ट्रोना नावाच्या खनिजापासून मिळतो, तर इतरत्र एर्न्स्ट सोल्वे यांनी १८६० च्या दशकात बसवलेल्या पद्धतीने मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्यापासून बनवला जातो. दोन्ही सोडे एकमेकांशेजारी ठेवले तर भांड्याच्या बुडालाच काय, प्रयोगशाळेतल्या साध्या चाचणीलाही त्यांतला फरक कळणार नाही. साबण तर कॉस्टिक सोड्यासारख्या दाहक क्षाराशिवाय होतच नाही. म्हणजे नैसर्गिक स्वच्छतेच्या यादीतले जवळजवळ प्रत्येक नाव कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून आलेले असते, आणि त्याने त्यांच्या उपयुक्ततेत तसूभरही उणे येत नाही.

उलट बाजूने पाहिले तर ही कसोटी आणखी डळमळते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स हे अस्सल खनिज आहे, खाणीतून निघते, आणि घरगुती धुलाईच्या असंख्य कृतींमध्ये ते ‘सौम्य, नैसर्गिक’ म्हणून सुचवले जाते. युरोपीय संघाच्या वर्गीकरणात मात्र बोरॅक्स प्रजननक्षमतेला घातक पदार्थांमध्ये बसते आणि २०१० पासून ते विशेष चिंतेच्या पदार्थांच्या यादीत आहे. टी ट्री तेल झाडाच्या पानांतून निघते, पण पोटात गेल्यास ते विषारी आहे, आणि मांजरांना तर ते विशेष बाधते, कारण अशा तेलांतल्या काही घटकांचा निचरा करण्याची त्यांच्या यकृताची क्षमताच अपुरी असते. सर्वांत बोलके उदाहरण विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे आहे. १९६० च्या दशकात कपडे धुण्याच्या पावडरीत जिवाणूंपासून मिळवलेली, प्रथिनांचे डाग पचवणारी विकरे घालण्यास सुरुवात झाली. पदार्थ पूर्णपणे जैविक होता, तरीही पावडरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्याची धूळ नाकातोंडात जाऊन दमा जडू लागला आणि १९६९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून ते प्रसिद्ध झाले. उपाय निघाला तो विकरे टाकून देण्याचा नव्हे. ती आवरणात बंद करून दाणेदार केली गेली, धूळ उडेनाशी झाली आणि धोका पुष्कळ कमी झाला. पदार्थ तोच राहिला, तो श्वासात जाण्याचा मार्ग तेवढा बंद झाला.

म्हणून सगळी भीती अनाठायी आहे असे मात्र कुणी समजू नये. ‘पाणीही रसायनच’ म्हणणाऱ्यांचा मला अधिक राग येतो, कारण त्यांच्याकडे रसायनशास्त्राचे शब्द असतात पण त्याची शिस्त नसते. पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात सांगितलेले तत्त्व, की विष कशाला म्हणायचे हे मात्रेवर ठरते, ते निर्धास्त करण्यासाठी वापरतात. पण मात्रेचाच विचार करायचा तर तो पुरता करावा. रोज, बंद न्हाणीघरात, तोंडापासून हातभर अंतरावर, वर्षानुवर्षे घेतलेली मात्रा किती होते? नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये या विषयावर महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या फुप्फुसांच्या क्षमतेची नोंद त्यात सुमारे वीस वर्षांच्या काळात घेतलेली होती. घरी स्वच्छता करणाऱ्या आणि पोटासाठी सफाईचे काम करणाऱ्या, अशा दोन्ही गटांतल्या स्त्रियांची श्वसनक्षमता स्वच्छता न करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत अधिक वेगाने घटलेली दिसली. पुरुषांमध्ये तसे आढळले नाही. स्वच्छता न करणाऱ्या स्त्रिया संख्येने फारच थोड्या होत्या, आणि अशा निरीक्षणातून कार्यकारणाचा संबंध सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु हा एकटा अभ्यास नाही. २००७ मध्ये दहा युरोपीय देशांतल्या सुमारे साडेतीन हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्यातून एकदा तरी घरात फवाऱ्याची स्वच्छक उत्पादने वापरणाऱ्यांत दम्याची लक्षणे अधिक आढळली होती.

या दुसऱ्या अभ्यासातला ‘फवारा’ हा तपशील मला कळीचा वाटतो. तोच द्रव फडक्यावर ओतून पुसला तर त्यातला थोडाच भाग हवेत जातो. फवारला की त्याचे सूक्ष्म थेंब होतात, ते काही काळ हवेत तरंगत राहतात आणि फवारणारी व्यक्ती नेमकी त्याच हवेत श्वास घेत असते. आत व्हिनेगर असो की कारखान्यात बनलेले अमोनियम संयुग, नाकाला ही विभागणी कळत नाही. सुवासाचेही असेच आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीतले लिमोनीन हे सुगंधी द्रव्य हवेतल्या ओझोनशी संयोग पावते तेव्हा त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. हवेशी संपर्क येऊन जुने झालेले लिमोनीन त्वचेला ॲलर्जी करणारे ठरते. खऱ्या सालीतून आलेले लिमोनीन आणि प्रयोगशाळेत बनवलेले लिमोनीन या बाबतीत अगदी सारखेच वागतात. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ मध्येच आलेल्या एका शोधनिबंधात असा निष्कर्ष होता की औद्योगिक शहरांत खनिज इंधनापासून उद्भवणाऱ्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांच्या उत्सर्जनात रंग, शाई, गोंद, कीटकनाशके, प्रसाधने आणि स्वच्छक यांसारख्या उत्पादनांचा वाटा आता निम्म्यापर्यंत पोहोचला आहे. वाहनांचा धूर नियमांनी आटोक्यात येत गेला, तशी बाटल्यांची बाजू ठळक झाली. तेव्हा घराला स्वच्छतेचा ‘वास’ यायलाच हवा ही अपेक्षाच तपासून पाहायला हवी. घासूनपुसून झालेल्या खोलीला कसलाही वास नसणे, हीच तिच्या स्वच्छतेची खूण मानावी, असे मला वाटते.

आता त्या परिचित पदार्थांकडे वळू, कारण त्यांचे गुण कळण्यासाठी त्यांच्याकडे जवळून पाहावे लागते. पाणी उकळण्याच्या किटलीच्या तळाशी जो पांढरट, खरखरीत थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यावर पाच टक्क्यांच्या आसपास ॲसेटिक आम्ल असलेले व्हिनेगर ओतले की थराच्या कडांशी बारीक बुडबुडे धरू लागतात, कानाशी नेल्यास मंद सळसळ ऐकू येते, आणि थोड्या वेळाने तो थर पापुद्र्यासारखा सुटतो. आम्लाने कार्बोनेटचे विद्राव्य क्षारात रूपांतर केले आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला. इथे व्हिनेगरला तोड नाही. पण नेमक्या याच कारणाने ते संगमरवरावर कधीही ओतू नये, कारण संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. किटलीतला थर जसा विरघळतो तशीच फरशीची झिलई विरघळते आणि तिथे कायमचा निस्तेज डाग उरतो. चिकट तेलकट थराचे गणित याहून वेगळे. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यावर धूळ आणि तेलाची वाफ मिळून जो मेणचट राप चढतो त्यावर व्हिनेगर जवळजवळ निष्प्रभ असते. तिथे आम्लाच्या उलट गुणाची अल्कली लागते. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, जेमतेम ८.३ असतो, म्हणून तो फारसे विरघळवत नाही. त्याचे काम मुख्यतः मऊ घासणीचे, ओरखडा न उमटवता घासण्याचे. धुण्याचा सोडा मात्र ११ च्या जवळ जातो, तो गरम पाण्यात घातला की तेलाची पकड सैल करतो, आणि तेवढ्याच सहजतेने हाताच्या कातडीतले तेलही ओढून घेतो. हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यापासून तो दूर ठेवावा, कारण त्या धातूलाही तो खातो.

एवढे लक्षात घेतले तर व्हिनेगर आणि सोडा एकत्र करण्याची जी लोकप्रिय कृती आहे तिच्यातली गंमत कळते. एक लिटर व्हिनेगरमध्ये साधारण पन्नास ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते. त्यात सत्तर ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की दोघेही एकमेकांना पुरते संपवतात. भरपूर फेस येतो, तो पाहून समाधानही वाटते, आणि फेस विरल्यावर उरते ते सोडियम ॲसेटेटचे पाणी, ज्यात ना आम्लाचा गुण उरला ना अल्कलीचा. तेलापासून केलेल्या साध्या साबणात व्हिनेगर मिसळण्याचा सल्ला तर याहून वाईट. आम्ल मिळताच साबणाचा साबणपणा जातो, त्यातली मेदाम्ले सुटी होतात आणि बाटलीत पांढऱ्या गुठळ्यांवर तेलकट साय तरंगू लागते. ती ओट्यावर फासली तर जे काढायला निघालो तेच नव्याने लावल्यासारखे होते. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या म्हणजे दुप्पट चांगली गोष्ट होते हा समज स्वच्छतेत चालत नाही. तरीही ही फसगत निरुपद्रवी आहे, आणि मुख्य म्हणजे शाळेतल्या रसायनशास्त्रावर समजावून सांगता येते. पंधरा घटकांच्या, नावे न छापलेल्या द्रवाबद्दल असे काहीही सांगता येत नाही.

निर्जंतुकीकरणाच्या बाबतीत मात्र नैसर्गिक स्वच्छतेच्या पुरस्कर्त्यांशी माझा सरळ मतभेद आहे. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या प्रसूतिकक्षात डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास लावले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथे १८ टक्क्यांहून अधिक माता दगावत होत्या. काही महिन्यांतच ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आले. ज्या क्लोरिनच्या वासाने आज नाक मुरडले जाते त्याने हे काम केले. घरात कुणाला नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांचा त्रास झाला असेल तर न्हाणीघर व्हिनेगरने पुसून भागणार नाही; तिथे योग्य प्रमाणात पातळ केलेले क्लोरिनयुक्त ब्लीचच हवे, तेही आधी घाण साबणाने काढून, आणि मग सांगितलेली मिनिटे पृष्ठभाग ओला राहील अशा बेताने. व्हिनेगर काही जंतूंना कमी करते, पण सर्व रोगकारक जंतूंवर भरवसा ठेवता येईल असे ते जंतुनाशक नाही. तसे सांगणे म्हणजे आजाऱ्याच्या घरातल्या इतरांचा जीव टांगणीला लावणे आहे.

परंतु अशी वेळ घरात किती वेळा येते? रोजच्या फरशीला, ओट्याला, मेजाला जंतुनाशक लागत नाही. साबण, पाणी आणि घासणे यांनी जंतू मोठ्या प्रमाणात निघून जातात, आणि मेदाचे आवरण असलेले विषाणू तर साबणानेच फुटतात. इथे दोष जाहिरातींचा आहे. प्रत्येक पृष्ठभाग हा जणू शस्त्रक्रियेचा टेबल आहे अशा थाटात त्या बोलतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक हात-अंग धुण्याच्या ‘जंतुनाशक’ साबणांतून वगळण्याचा आदेश दिला, कारण ते साध्या साबणापेक्षा अधिक परिणामकारक आहेत किंवा दीर्घकाळ वापरास सुरक्षित आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. कित्येक वर्षे लोकांनी ज्याचे जादा पैसे मोजले, त्याचा फायदा सिद्धच झालेला नव्हता.

घरी बनवलेल्या मिश्रणांबद्दल एक इशारा थोडक्यात देणे भाग आहे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा कोणतेही आम्ल पडले की क्लोरिन वायू सुटतो, आणि अमोनिया पडला की क्लोरामाइन. दोन्ही बंद जागेत जिवावर बेतू शकतात. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच बाटलीत ठेवले तर परॲसेटिक आम्ल तयार होते, जे डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबणारे असते. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत कोणतेही स्वच्छक भरून ठेवणे हा तर निव्वळ अविचार. बाजारातल्या बाटलीवर निदान काहीतरी छापलेले असते. घरच्या बाटलीवर बऱ्याचदा काहीच नसते, आणि लहान मुलाने ती तोंडाला लावली तर डॉक्टरांना काय सांगायचे हे भरणाऱ्यालाच आठवायला हवे.

या चर्चेत सहसा न येणारी आणखी एक बाजू श्रमांची आहे. सोडा लावून अर्धा तास ठेवा, मग घासा, मग पुसा, पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसा, असा सल्ला लिहिणे सोपे असते. तो वेळ आणि ते मनगट कुणाचे? बहुतेक समाजांत ते घरातल्या स्त्रीचे असते, किंवा पगारी कामगाराचे. कारखान्यात बनलेल्या तीव्र द्रवांचा खप वाढला तो केवळ जाहिरातींमुळे नाही. त्यांनी घासण्याचे कष्ट खरोखर कमी केले. त्या कष्टांची वाटणी न बदलता फक्त साहित्य बदलण्याचा आग्रह धरला, तर घराच्या आरोग्याची सगळी किंमत पुन्हा एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते. बर्गनच्या अभ्यासातला स्त्री-पुरुषांमधला फरक ज्यांना खुपतो त्यांनी बाटली बदलण्याआधी फडके कुणाच्या हातात आहे हे पाहावे.

आणि म्हणूनच हा विषय वैयक्तिक निवडीवर सोडून देता येत नाही. काय विकत घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे असे म्हणायचे, आणि ठरवण्यासाठी लागणारी माहिती मात्र हाती द्यायची नाही, ही सध्याची रीत आहे. ‘निसर्गातून प्रेरित’, ‘हिरवे’, ‘सौम्य’, ‘विषमुक्त’ असले शब्द बाटलीच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत असतात. मागे पाहावे तर ‘पृष्ठसक्रियक, परिरक्षक, सुगंध’ एवढ्यावर बोळवण. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. या ‘परिरक्षक’ शब्दाआड काय असू शकते याचे उदाहरण म्हणजे मिथाइलआयसोथायाझोलिनोन. पाणी असलेल्या द्रव उत्पादनांत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, ‘सौम्य’ म्हणवणाऱ्या भांडी धुण्याच्या द्रवांतही ते सापडते, आणि त्वचेच्या ॲलर्जीचे ते इतके ठळक कारण ठरले की त्वचारोगतज्ज्ञांच्या एका अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये त्याला त्या वर्षीचा प्रमुख ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केले. ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याला ‘परिरक्षक’ या शब्दाचा उपयोग शून्य. कोरड्या सोड्याला परिरक्षकाची गरजच पडत नाही, कारण त्यात पाणी नसते. जुन्या साध्या पदार्थांच्या बाजूने द्यायचे तर असले कारण द्यावे.

कायद्याने या क्षेत्रात काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी फेसाचा इतिहास आठवावा. दुसऱ्या महायुद्धानंतर जे कृत्रिम डिटर्जंट आले त्यांतल्या शाखायुक्त रेणूंचे जिवाणूंकडून विघटन होत नसे. १९५० च्या दशकात नद्यांवर आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. १९६० च्या दशकात काही देशांनी कायदे केले, काही ठिकाणी उद्योगाने कायद्याच्या धाकाने आधीच पाऊल उचलले, आणि सरळ साखळीचे, सहज विघटन होणारे रेणू वापरात आले. नवे रेणूही खनिज तेलापासूनच बनत होते. ते नैसर्गिक झाले नाहीत, पण नदीतला फेस ओसरला. पुढे तळ्यांमध्ये शेवाळ माजवणाऱ्या फॉस्फेटवर अनेक ठिकाणी मर्यादा आल्या त्याही अशाच. प्रत्येक वेळी विचारलेला प्रश्न एकच होता : हा पदार्थ पाण्यात गेल्यावर नेमके काय करतो?

माहितीच्या सक्तीलाही पूर्वाधार आहेत. युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमनाने प्रमुख घटकगटांचे टक्केवारीचे टप्पे वेष्टनावर देणे, ०.०१ टक्क्याहून अधिक असलेल्या ठरावीक ॲलर्जीकारक सुगंधांची नावे लिहिणे, आणि वैद्यकीय व्यावसायिकांनी मागितल्यास पूर्ण घटकपत्र पुरवणे बंधनकारक केले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये स्वच्छकांसाठी माहितीच्या अधिकाराचा वेगळा कायदा केला. त्यानुसार २०२० पासून संकेतस्थळावर आणि २०२१ पासून वेष्टनावर घटक जाहीर करावे लागतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आणखी एक निर्देश काढला, ज्याने ‘पर्यावरणस्नेही’सारखे मोघम दावे पुराव्याशिवाय करण्यास सप्टेंबर २०२६ पासून मनाई ठरवली. यांपैकी कोणतीही तरतूद परिपूर्ण नाही, टक्केवारीचे टप्पे सैल आहेत, पण पहिल्या दोन लागू झाल्याने कुठला उद्योग बुडाला नाही.

उद्योगांचा मुख्य आक्षेप व्यापारी गुपिताचा असतो, आणि तो मला फारसा वजनदार वाटत नाही. घटकांची नावे सांगणे म्हणजे प्रमाण आणि कृती सांगणे नव्हे. खाद्यपदार्थांचे आणि प्रसाधनांचे उत्पादक अनेक देशांत वर्षानुवर्षे पूर्ण घटकयादी छापत आले आहेत आणि त्यांच्यातली स्पर्धा काही थांबलेली नाही. सुगंधाच्या मिश्रणाचे थोडे संरक्षण मान्य करता येईल, पण त्यातल्या ज्ञात ॲलर्जीकारकांचे नाही. दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला या लांबलचक नावांतून काही कळत नाही. न कळू दे. बाटली वाचणारे फक्त विकत घेणारेच नसतात. विषबाधा केंद्रातला डॉक्टर वाचतो, त्वचारोगतज्ज्ञ वाचतो, सांडपाण्याचा अभ्यास करणारा वाचतो, आणि एखादा चिकाटीचा ग्राहकही वाचतो जो पुढे दहा जणांना सांगतो. घरच्या घरी साबण करून विकणाऱ्यांनाही ही सक्ती लागू असावी, त्यांना सूट देऊ नये. ‘नैसर्गिक’ या शब्दावर सर्वांत जास्त भिस्त त्यांचीच असते, आणि त्यांच्या वडीत खोबरेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी असेल तर तीन नावे लिहिण्यात अवघड काही नाही.

शेवटचा मुद्दा बाटलीबाहेरच्या बाटलीचा आहे. जे दिवसभर इतरांची घरे आणि कार्यालये पुसतात त्यांच्या हाती मूळ वेष्टन क्वचितच पडते. मोठ्या कॅनमधून ओतलेला, कधी कुणी अंदाजाने पातळ केलेला, चिठ्ठी नसलेल्या फवाऱ्यातला द्रव त्यांना दिला जातो, आणि मात्रेच्या हिशेबाने पाहिले तर सर्वाधिक मात्रा त्यांच्याच शरीरात जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारातले तेरावे कलम प्रत्येक घरकामगाराला सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाच्या वातावरणाचा हक्क देते. तो हक्क सफाईच्या कामात उतरवायचा तर घटकयादीची सक्ती दुकानाच्या फळीवर संपून चालणार नाही. दुसऱ्या बाटलीत ओतलेल्या द्रवावरही त्याचे नाव, त्यातले घटक आणि तो कशात मिसळू नये हे कामगाराला वाचता येईल अशा भाषेत किंवा चिन्हांत लिहिलेले असले पाहिजे, आणि ती जबाबदारी ओतणाऱ्या मालकाची किंवा ठेकेदाराची असली पाहिजे. एवढी तरतूद वगळून केलेला कायदा ज्यांना त्याची सर्वांत कमी गरज आहे त्यांच्यापुरताच उरेल.